हिरवी ठिणगी, मोजून सोळा

लॉकहीड एसआर-७१ 'ब्लॅकबर्ड' या अमेरिकी टेहळणी विमानाच्या कॉकपिटमध्ये, थ्रॉटलच्या दोन दांड्यांजवळ, दोन लहानसे आकडे असत. उड्डाणापूर्वी दोन्ही ठिकाणी १६ दिसे आणि पुढे तो आकडा एकेकाने उतरत जाई. हे विमान निःशस्त्र होते, त्यामुळे तो हिशेब गोळ्यांचा नव्हता. तो आगीचा होता. प्रत्येक इंजिनाला सोळा वेळा पेटवण्याची खात्री निर्मात्यांनी दिली होती, सतराव्या वेळेची दिली नव्हती.

ताशी तीन हजार किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या आणि टनावारी इंधन जाळणाऱ्या विमानाला काडी मोजून वापरावी लागावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. तिचे उत्तर शोधायचे तर जेट इंजिनाच्या शेपटाकडे जावे लागते आणि मग काहीसे अनपेक्षितपणे एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत.

आधी शेपटाकडे. जेट इंजिन पुढून हवा ओढते, दाबते, तीत इंधन जाळते आणि तप्त वायू टर्बाइनमधून मागे सोडते. आता केरोसिनचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने साधारण पंधरा भाग हवा लागते. पण तेवढ्याच हवेत ते जाळले तर टर्बाइनची पाती वितळतील. म्हणून हवा त्याच्या कितीतरी पट, सुमारे साठ भाग घ्यावी लागते. परिणामी टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूत बराचसा ऑक्सिजन न वापरलेला शिल्लक राहतो. त्याच वायूत, टर्बाइनच्या मागे, पुन्हा इंधन फवारून पेटवले तर? तिथे फिरणारी पाती नाहीत, त्यामुळे तापमानाची मर्यादा बरीच वर जाते आणि इंजिनाचा रेटा लक्षणीय वाढतो. हाच आफ्टरबर्नर. ब्रिटिश त्याला 'रीहीट' म्हणतात आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी ग्लॉस्टर मिटिऑर विमानावर त्याच्या चाचण्याही घेतल्या होत्या. अमेरिकेच्या हवाई दलात आफ्टरबर्नर असलेले पहिले लढाऊ जेट म्हणून रुजू झाले ते एफ-९४.

कल्पना सोपी असली तरी अडचण पेटवण्यात होती. टर्बाइनमागून येणारा वायू सेकंदाला शेकडो फूट वेगाने धावतो, तर केरोसिनची ज्योत सेकंदाला जेमतेम काही फूट सरकते. वादळात काडी ओढावी तसा हा प्रकार आहे, फक्त असे वादळ पृथ्वीवर कुठे होत नाही. त्यावर दोन उपाय हवे होते. लागलेली ज्योत टिकवण्याचा उपाय लवकर सापडला: प्रवाहात इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या पन्हाळी आडव्या बसवायच्या. नदीतल्या खडकामागे पाणी गोल फिरत राहते, तसा त्या पन्हाळीमागे वायू घुटमळतो आणि ज्योत त्या आडोशाला तग धरते. पण आडोशात पहिली ज्योत आणायची कुठून? त्या एका क्षणापुरते योग्य प्रमाणात इंधन, योग्य प्रमाणात हवा आणि पुरेशी ऊष्णता, तिन्ही एकाच जागी एकाच वेळी पोहोचवायची कशी?

त्याची उत्तरे तीन निघाली आणि तिन्ही आपापल्या परीने मनोरंजक आहेत. पहिले उत्तर धाडसी होते. मुख्य ज्वलनकक्षातच क्षणभर जादा इंधनाची एक पिचकारी मारायची. तिची लांबलचक ज्वाला टर्बाइनच्या फिरत्या पात्यांमधून आरपार जाते आणि मागचे इंधन पेटवते. ज्या पात्यांना वाचवण्यासाठी एवढी हवा वाया घालवायची, त्यांच्याच अंगावरून आग न्यायची! परंतु ती ज्वाला निमिषमात्र असते आणि तेवढ्यात धातूला तापायला सवड मिळत नाही. दुसरे उत्तर सावध होते. आफ्टरबर्नरमध्ये एक चिमुकली कोठडी करायची, तिला वेगळी हवा, वेगळे इंधन आणि स्वतःचा स्पार्क प्लग द्यायचा. वादळाबाहेर, निवांत जागी एक मशाल पेटते आणि मग ती वादळात डोकावते.

तिसरे उत्तर प्लॅटिनमचे. काही ब्रिटिश इंजिनांत इंधन-हवेचे मिश्रण प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकावरून नेले जाई आणि ते ठिणगीशिवाय आपोआप पेट घेई. या युक्तीचे मूळ जेट इंजिनाहून शंभरावर वर्षे जुने आहे. १८२३ मध्ये येना येथील रसायनशास्त्रज्ञ योहान वोल्फगांग ड्योबरायनर यांना असे आढळले, की हायड्रोजनचा झोत सच्छिद्र प्लॅटिनमवर सोडला तर प्लॅटिनम लालबुंद होते आणि हायड्रोजन पेटतो. त्यावरून त्यांनी जो दिवा बनवला तो युरोपात घरोघरी लायटरसारखा वापरला गेला. घासून पेटवायची आगकाडी तेव्हा बाजारात यायची होती. महाकवी ग्योटे यांच्याकडेही हा दिवा होता. त्याच दिव्याचे तत्त्व पुढे लढाऊ विमानाच्या शेपटात जाऊन बसले.

एरवी या तीन उत्तरांवर प्रकरण मिटले असते. ते मिटले नाही, कारण १ मे १९६० रोजी फ्रान्सिस गॅरी पॉवर्स यांचे यू-२ विमान सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले. केवळ उंची आता टेहळणी विमानाला वाचवू शकत नव्हती. सीआयएने त्याआधीच लॉकहीडच्या केली जॉन्सन यांच्याकडे नव्या विमानाचे काम सोपवले होते. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेग आणि २४ किलोमीटरहून अधिक उंची, असे ते विमान. एकासनी ए-१२ हे त्याचे पहिले रूप एप्रिल १९६२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात उडाले, मात्र उसन्या इंजिनांवर. त्याचे खरे इंजिन, प्रॅट अँड व्हिटनीचे जे-५८, तेव्हा तयार नव्हते. ते येऊन दोन्ही बाजूंना बसायला जानेवारी १९६३ उजाडला. दोन आसनी एसआर-७१ चे पहिले उड्डाण झाले २२ डिसेंबर १९६४ रोजी.

एवढ्या वेगात हवेच्या घर्षणाने आणि दाबाने विमानाचे अंग इतके तापे, की टाक्यांतले इंधन लांबच्या उड्डाणात शंभर अंश सेल्सियसच्या पार जाई. विमानाचा पत्रा हीच टाकीची भिंत होती. त्या काळी हवाई दलात सर्रास वापरले जाणारे जेपी-४ हे इंधन शून्याखाली १८ अंशांनाही पेटण्याजोगी वाफ सोडते. ते इथे भरणे म्हणजे उडता बॉम्ब बनवणे होते. म्हणून जेपी-७ हे खास इंधन तयार करण्यात आले. पेटण्याजोगी वाफ सोडायला त्याला निदान ६० अंश लागत. जमिनीवर ही विमाने सांध्यासांध्यांतून गळत असत आणि तळाखाली इंधनाची थारोळी साचत, तरी कोणी घाबरत नसे. जळती काडी त्यात टाकली तर काडीच विझते, असे तळावरचे कर्मचारी सांगत.

शिवाय या इंधनावर जळण्याच्या आधी दुसरी कामेही होती. विमानातली ऊष्णता शोषून घेणे हे एक. इंजिनाच्या नॉझलची हालचाल करण्यासाठी हायड्रॉलिक तेलासारखे वापरले जाणे हे दुसरे. थोडक्यात, न पेटणे हा त्याचा गुण होता. आणि नेमक्या त्याच गुणामुळे ते इंजिनात पेटेना. स्पार्क प्लगच्या ठिणगीवर भरवसा ठेवावा असे हे इंधन नव्हते. मुख्य ज्वलनकक्षातही नाही आणि आफ्टरबर्नरच्या विरळ, धावत्या वायूत तर नाहीच.

इतक्या थंड डोक्याच्या इंधनाला एखादा तितकाच तापट सोबती हवा होता. तो ट्रायएथिलबोरेनच्या रूपाने सापडला. बोरॉनच्या एका अणूला एथिलचे तीन गट जोडलेला हा द्रव हवेचा स्पर्श होताच, कोणत्याही ठिणगीविना, भडकतो आणि बोरॉनमुळे त्याची ज्वाला हिरवी दिसते. तो प्रथम बनवला एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने, १८६० च्या सुमारास. त्याआधी दहा-एक वर्षे, जर्मनीतील मारबुर्ग येथे बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत, याच फ्रँकलंड यांनी झिंकचे असेच एक संयुग तयार केले होते. त्यात पाणी घालताच नळीतून निळसर-हिरवी, कित्येक फूट लांब ज्वाला उसळली होती. पुढे त्याच झिंक संयुगाच्या मदतीने त्यांनी बोरॉनचा हा द्रव मिळवला. त्याचा उपयोग काय, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नसावा. धातू आणि कार्बन एकमेकांना जोडले जाऊ शकतात, हीच मोठी बातमी होती.

फ्रँकलंड हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही, किंवा नसावे. सूर्याच्या वर्णपटातील हेलियमच्या पिवळ्या रेषेवर नॉर्मन लॉकयर यांच्यासोबत काम करणारे ते हेच. लॉकयर यांनी हेलियमचा शोध विजयदुर्गावरून लावला, असे सांगत किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' आजही दाखवले जातात. ते खरे नाही. १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी, शोधानंतर तब्बल तीस वर्षांनी. कट्टे खरे आहेत, गोष्ट मात्र तीस वर्षे आधी सरकली आहे.

पुन्हा विमानाकडे. जे-५८ च्या प्रत्येक इंजिनावर सुमारे ६०० घन सेंटिमीटर ट्रायएथिलबोरेनची एक बंद टाकी असे. म्हणजे घरातल्या पाण्याच्या लहान बाटलीएवढा द्रव. टाकीत वरून नायट्रोजनचा दाब दिलेला असे, म्हणजे हवेशी गाठ पडण्याचा प्रश्न नाही. इंजिनाच्या धगीने तो द्रव उकळू नये म्हणून टाकीभोवती इंधन खेळवून ती थंड ठेवली जाई. गंमत अशी, की पेटवणाऱ्याला शांत ठेवण्याचे काम ज्याला पेटवायचे त्याच्याकडेच होते. तरीही दाब धोक्याच्या पलीकडे गेलाच, तर एक पातळ चकती फुटून सगळा द्रव आफ्टरबर्नरमधून बाहेर जाईल, अशी सोय होती. टाकी भरणारे कर्मचारी अग्निरोधक पोशाख घालून काम करीत.

सुरुवातीची तऱ्हा अशी असे. जमिनीवरची एक गाडी इंजिनाला फिरवू लागे. आरंभीच्या गाड्यांत ब्यूइक मोटारींची दोन व्ही-८ इंजिने जोडलेली होती आणि त्यांचा आवाज जेटच्या आवाजाशी स्पर्धा करी. पुरेसा वेग आला, की वैमानिक थ्रॉटल 'बंद'वरून पुढे सरकवी. इंधनाचा दाब वाढताच त्याच दाबाने ट्रायएथिलबोरेनचा एक मापलेला घोट ज्वलनकक्षात ढकलला जाई. हिरवा लखलखाट होई, इंजिन धरे आणि आकडा १६ वरून १५ वर येई. धावपट्टीवर थ्रॉटल आणखी पुढे, खाचेपलीकडे रेटला, की दुसरा घोट आफ्टरबर्नरमध्ये. तिथल्या फवारणी-नळ्यांतून इंधन आधीच येऊ लागलेले असे. पुन्हा हिरवा लखलखाट आणि मग मागे लांब, पिवळसर ज्वाला. दोन्ही बाजू सहसा एकाच क्षणी पेटत नसत, त्यामुळे विमान आधी एका अंगाला हिसका देई, मग दुसऱ्या अंगाचा रेटा आला की सरळ होई. आकडा १४.

इंधन आणि ठिणगी यांचा प्रश्न असा सुटला. राहिली हवा, आणि ती अधिक हट्टी होती. तिप्पट ध्वनिवेगाला इंजिनाच्या तोंडाशी येणारी हवा थांबवता-थांबवताच चारशे अंशांच्या वर तापते. इतक्या तापल्या हवेत कॉम्प्रेसरच्या पुढच्या पायऱ्या अडखळू लागतात आणि मागच्या पायऱ्या तुंबतात. प्रॅट अँड व्हिटनीच्या फ्लोरिडातील कारखान्यात रॉबर्ट ॲबरनेथी या अभियंत्याने यावर तोडगा काढला. ध्वनीच्या दुपटीच्या आसपास वेग गेला, की कॉम्प्रेसरच्या चौथ्या पायरीनंतरची काही हवा काढून घ्यायची आणि सहा जाड नळ्यांतून, ज्वलनकक्ष व टर्बाइन पूर्ण टाळून, थेट आफ्टरबर्नरमध्ये न्यायची. पुढची कोंडी सुटली. शिवाय आफ्टरबर्नरला जळण्यासाठी ताजा ऑक्सिजन मिळाला आणि त्याच्या भिंतींना तुलनेने थंड हवेचा पडदा. इतर लढाऊ विमानांत आफ्टरबर्नर हा काही मिनिटांचा चैनीचा मामला असतो. जे-५८ मध्ये तो तासच्या तास चालू राहू शके, त्यामागे या सहा नळ्यांचा मोठा वाटा होता. ॲबरनेथी यांचे पेटंट गुप्त ठेवण्यात आले आणि १९६७ मध्ये उघड झाले.

हवा नीट पोहोचली नाही तर काय होते, हे २५ जानेवारी १९६६ रोजी दिसले. लॉकहीडचे चाचणी वैमानिक बिल वीव्हर आणि जिम झ्वेयर मॅक ३ च्या वर, एका बाजूला कललेल्या वळणात होते. उजव्या इंजिनाच्या हवामार्गात धरून ठेवलेली आघातलहर अचानक बाहेर फेकली गेली आणि त्या बाजूचा रेटा नाहीसा झाला. विमान सावरण्याला वाव नव्हता, ते हवेतच फुटले. वीव्हर यांनी आसन सोडण्याची कळ दाबलीच नव्हती. भोवतालचे विमान निखळून गेले आणि ते पॅराशूटसह न्यू मेक्सिकोच्या माळावर जिवंत उतरले. झ्वेयर वाचले नाहीत.

अशा घटनांमुळे सोळाच्या आकड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. हवामार्गाची लहर निसटली आणि आग विझली, तर ती पुन्हा लावायला एक घोट हवा. सगळे सुरळीत असले तरी खर्च होताच. हे विमान पूर्ण टाकी भरून सहसा उडत नसे. आधी वर जाई, मग खास जेपी-७ वाहणाऱ्या केसी-१३५क्यू टँकरखाली येऊन पोट भरी. त्यासाठी वेग उतरवावा लागे आणि आफ्टरबर्नर बंद करावे लागत. इंधन भरत गेले तसे विमान जड होई आणि शेवटी टँकरचा वेग गाठणे त्याला कठीण पडे. तेव्हा वैमानिक एकाच बाजूचा आफ्टरबर्नर पेटवीत आणि विमान तिरके धरून टँकरला चिकटून राहत. जगातले सर्वांत वेगवान विमान एका संथ मालवाहू विमानामागे धापा टाकत आहे, हे दृश्य त्या मोहिमांत नित्याचे होते. नळी सुटली, की पुन्हा वेग घ्यायचा, पुन्हा दोन्ही बाजू पेटवायच्या.

ऑक्टोबर १९७३ मध्ये योम किप्पूर युद्धाच्या वेळी एसआर-७१ न्यूयॉर्क राज्यातील ग्रिफिस तळावरून उडाले, अटलांटिक ओलांडून पश्चिम आशियावरून छायाचित्रे घेऊन परत आले. उड्डाण दहा तासांहून लांबले आणि वाटेत अनेकदा इंधन घ्यावे लागले. अशा मोहिमेत समजा सहा वेळा टँकर गाठायचा असेल, तर सुरुवातीचा एक घोट, उड्डाणाचा एक आणि प्रत्येक भेटीनंतर निदान एक, असे आठ तर अपेक्षितच. निम्मा साठा ठरल्याप्रमाणेच संपतो. उरलेला निम्मा अनपेक्षितासाठी, आणि घरापासून अर्ध्या पृथ्वीवर अनपेक्षित काय घडेल हे कोणी सांगावे? अमेरिकेकडे कॅमेरे होते, टायटॅनियमचे विमान होते, टँकरांचा ताफा होता. या सगळ्याला वेग देणारी गोष्ट मात्र बाटलीभर द्रव होती, आणि हवेत ती पुन्हा भरून घेण्याची सोय नव्हती. टँकर इंधन देई, ठिणगी देत नसे.

ब्लॅकबर्डने ६ मार्च १९९० रोजी लॉस एंजेलिस ते वॉशिंग्टन हे अंतर सुमारे ६४ मिनिटांत कापून निरोप घेतला. नंतर थोडा काळ तो परतला आणि १९९० च्या दशकाअखेर कायमचा थांबला. फ्रँकलंड यांचा द्रव मात्र थांबला नाही. त्यात ट्रायएथिलॲल्युमिनियम मिसळून केलेल्या मिश्रणाने चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाची पहिल्या टप्प्यातली पाचही इंजिने पेटत असत. आज स्पेसएक्सच्या फाल्कन अग्निबाणांतही तसेच मिश्रण असते, आणि प्रक्षेपणाच्या क्षणी तळाशी हिरवी झाक दिसते ती त्याचीच.

६ फेब्रुवारी २०१८ रोजी फाल्कन हेवी प्रथम झेपावला. बाजूचे दोन अग्निबाण परत येऊन जमिनीवर जोडीने उभे राहिले आणि ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. मधला अग्निबाण समुद्रातल्या तराफ्यावर उतरायचा होता. उतरताना त्याने तीन इंजिने पेटवायची होती. एकच पेटले. उरलेल्या दोघांसाठी पेटवणारा द्रव संपला होता. तो ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाने, तराफ्यापासून शंभर-एक मीटरवर पाण्यात आदळला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्या फाल्कन हेवीचा मधला भाग तराफ्यावर बिनचूक उतरला, आणि मग किनाऱ्याकडे आणताना खवळलेल्या समुद्रात आडवा झाला.